छोट्या स्पीकरची मोठी भूक

शोरूममध्ये ऐकून पसंत केलेले बुकशेल्फ स्पीकर घरच्या रिसीव्हरला जोडले की पुष्कळांची तक्रार एकच असते. हळू आवाजात गाणं छान वाटतं. जरा वाढवलं की तबल्याची थाप बोथट होते, गायकाचा वरचा सूर टोचायला लागतो, आणि आणखी वाढवलं तर आवाज मोठा व्हायच्या ऐवजी नुसता कलकलाट वाढतो. पहिला संशय स्पीकरवर जातो. दुकानदाराने दुसरेच दिले की काय, असंही वाटून जातं. बहुतेक वेळा स्पीकर निर्दोष असतात. त्यांना हलवायला जो दम लागतो, तो त्यांच्यामागच्या ॲम्प्लिफायरमध्ये नसतो.

ज्यांच्या स्पीकरची संवेदनशीलता ८२ ते ८६ डेसिबलच्या आसपास आहे आणि जे आता वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा का, घ्यायचा तर कोणता, या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. खोक्यावर छापलेले वॉट बघून ॲम्प घेऊ नका. आपली खोली, आपलं ऐकण्याचं अंतर आणि आपल्या स्पीकरचा स्वभाव कळला की किती ताकद हवी ते घरबसल्या काढता येतं. ते काढलं की बाजारातले बरेचसे पर्याय आपोआप गळतात आणि पैसे योग्य जागी लागतात.

सुरुवात स्पीकरच्या माहितीपत्रकापासून करा. त्यात 'सेन्सिटिव्हिटी' म्हणून जो आकडा असतो, त्याचा अर्थ असा: स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले तर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो. २.८३ व्होल्टच का? कारण ८ ओहमच्या स्पीकरला तेवढे व्होल्ट दिले की बरोबर १ वॉट खर्च होतो. मात्र स्पीकर ४ ओहमचा असेल तर त्याच २.८३ व्होल्टला तो २ वॉट ओढतो. म्हणून ८७ डेसिबल छापलेला ४ ओहमचा स्पीकर एका वॉटच्या हिशोबात ८४ चाच धरायचा. कंपनी खोटं बोलत नाही, पण ही खालची ओळ न वाचता दोन स्पीकरची तुलना केली तर फसगत ठरलेली. ढोबळ मानाने ९० च्या वरचे स्पीकर चालवायला सोपे, ८७ ते ८९ मधले, आणि ८६ च्या खाली आलात की ॲम्पची निवड काळजीने करायला हवी.

कमी संवेदनशीलता हा दोष आहे, असं मात्र समजू नका. पेटी लहान हवी, खर्ज खोल हवा आणि संवेदनशीलताही जास्त हवी, हे तिन्ही एका स्पीकरमध्ये मिळत नाही. यांतल्या दोन गोष्टी घ्यायच्या आणि तिसरी सोडायची, हा ध्वनिअभियांत्रिकीतला जुना नियम अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. के.एल.एच. या अमेरिकन कंपनीच्या नावातला 'एच' तो त्यांचाच. पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून बऱ्यापैकी खर्ज काढायचा ठरवला की निर्माता संवेदनशीलतेचा त्याग करतो, आणि ती तूट ॲम्पने भरून काढावी अशी त्याची अपेक्षा असते.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बीबीसीचा एलएस३/५ए. बाहेरच्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण करणाऱ्या गाडीत, अगदी अपुऱ्या जागेत, ध्वनिमुद्रकाला आवाज खरा ऐकू यावा म्हणून बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात तो बनवला. उंची जेमतेम ३० सेंटिमीटर, संवेदनशीलता ८२-८३ च्या घरात. माणसाचा आवाज इतका जिवंत देणारे स्पीकर आजही फार नाहीत. त्यात केईएफ या ब्रिटिश कंपनीचे वूफर आणि ट्वीटर होते. त्याच केईएफने आपल्या पन्नाशीच्या निमित्ताने २०१२ मध्ये एलएस५० काढला आणि त्या जुन्या स्पीकरला मानवंदना दिली. त्याची संवेदनशीलता ८५. हे दोन स्पीकर दिसायला एका जातकुळीचे, पण ॲम्पकडे त्यांचं मागणं वेगवेगळं आहे. त्याकडे पुढे येतोच.

आता वॉटचा हिशोब. डेसिबलचं गणित दिसायला अवघड असलं तरी वापरायला दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. ३ डेसिबल वाढवायचे तर वॉट दुप्पट लागतात, १० डेसिबल वाढवायचे तर दहापट. आणि कानाला आवाज दुपटीने मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. त्यामुळे ५० वॉटचा ॲम्प काढून १०० वॉटचा लावला तर आवाज दुप्पट होत नाही, कळेल न कळेल एवढाच वाढतो. दुकानात हे कोणी सांगत नाही.

बारा बाय चौदा फुटांची बैठकीची खोली घ्या. स्पीकर ८३ डेसिबलचे, सोफा तीन मीटरवर. मोकळ्या मैदानात एक मीटरवरून तीन मीटरवर गेलं की आवाज साडेनऊ डेसिबलनी घटतो. खोलीत भिंती त्यातला काही परत देतात, शिवाय स्पीकर दोन असतात. सगळं मिळून ५ डेसिबलची घट धरू. सोफ्यावर सरासरी ७५ डेसिबल आवाज हवा असेल, आणि फ्लॅटमध्ये हा चांगला मोठा आवाज आहे, तर एक मीटरवर ८० लागतील. ८३ च्या स्पीकरला त्यासाठी अर्धा वॉट पुरतो.

अर्धा वॉट वाचून अनेकांना वाटतं, मग आपला रिसीव्हर का कमी पडतो? कारण गाणं सरासरीवर चालत नाही. तानपुऱ्याच्या संथ झंकारावर तबल्याची पहिली 'धा' पडते, तेव्हा तो क्षण सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर उसळतो. भीमसेन जोशींच्या संतवाणीतला अभंग ऐका. आलापीत ॲम्प निवांत असतो, आणि पखवाज व टाळ एकदम उठले की त्याच्याकडे अचानक शंभरपट मागणी येते. अर्ध्या वॉटची शंभरपट म्हणजे ५० वॉट. ती मागणी सेकंदाच्या शंभराव्या भागापुरती असली तरी पुरी झाली नाही की लाटेचा माथा कापला जातो. आपण आवाज फाटला म्हणतो तो हाच. सुरुवातीला मात्र तो फाटल्यासारखा वाटतही नाही. थापेची धार जाते, टाळांचा किणकिणाट पसरट होतो, आणि अर्ध्या तासात कान किटतात. पुष्कळ लोक वर्षानुवर्षं असंच ऐकत असतात आणि दोष ध्वनिमुद्रणाला देतात.

याच खोलीत ९० डेसिबलचे स्पीकर असते तर १० वॉटमध्ये काम भागलं असतं. उलट, याच ८३ च्या स्पीकरवर सरासरी ८० डेसिबलनी ऐकायची सवय असेल तर माथ्याला १६० वॉट लागतील, आणि तिथे बहुतेक छोट्या स्पीकरचीच मर्यादा संपते. म्हणजे तुम्ही किती मोठ्याने ऐकता, हा स्वतःला प्रामाणिकपणे विचारायचा प्रश्न आहे.

हा अंदाज झाला. पण आपल्याच घरात, आपल्याच कानाला पटेल असं मोजमापही करता येतं, आणि ते प्रत्येकाने करावंच असा माझा आग्रह आहे. लागतो फक्त साधा मल्टिमीटर. आधी संगणकावर ऑडासिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये २०० हर्ट्झचा सूर तयार करा आणि त्याची पातळी ०.२५ ठेवा. म्हणजे डिजिटल ध्वनिमुद्रणात बसू शकणाऱ्या कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली, व्होल्टच्या हिशोबात एक चतुर्थांश. फाइल ज्या साधनातून तुम्ही गाणी वाजवता त्याच साधनात घाला. मग तुमच्याकडचं सर्वांत अवघड ध्वनिमुद्रण लावा आणि तुम्ही जास्तीत जास्त जेवढा आवाज ठेवता तेवढा ठेवा. जुनी ध्वनिमुद्रणं मुळातच हळू भरलेली असतात आणि त्यांच्यासाठी आवाज जास्त वाढवावा लागतो, म्हणून एखादं तसं लावलं तर उत्तम. आता आवाजाच्या बटणाला हात न लावता गाणं थांबवा, ॲम्प बंद करा आणि स्पीकरच्या तारा मागून काढा. तारांची उघडी टोकं एकमेकांना लागणार नाहीत याची खात्री करून ॲम्प पुन्हा चालू करा आणि तो सूर वाजवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एका चॅनेलच्या लाल आणि काळ्या टर्मिनलवर टोकं टेकवा.

समजा ४.२ व्होल्ट दिसले. त्याची चौपट १६.८ व्होल्ट. तुमच्या ऐकण्यात ॲम्पकडे यापेक्षा मोठी मागणी येऊच शकत नाही, कारण डिजिटल ध्वनिमुद्रणाला त्याच्या वर जायला जागाच नाही. १६.८ चा वर्ग भागिले ८ ओहम, म्हणजे ३५ वॉट. उत्तर २० आलं तर नव्या ॲम्पचा विचार सोडून खोलीकडे लक्ष द्या. ९० आलं आणि तुमच्या रिसीव्हरची खरी ताकद ५० ची असेल तर तक्रारीचं मूळ सापडलं. गंमत अशी की सध्याचा ॲम्प माथ्यावर फाटत असला तरी हे मोजमाप बरोबरच येतं, कारण मोजायचा सूर त्याच्या आवाक्यात असतो. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल त्यांनी मात्र हे करू नये. तसला ॲम्प स्पीकर न जोडता चालवला तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

खोलीचा उल्लेख केला तो उगाच नाही. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत फरश्या, मोकळ्या भिंती आणि काचेच्या सरकत्या खिडक्या असतात. अशा खोलीत चांगला ॲम्पही कर्कश वाटतो. खात्री करायची असेल तर स्पीकरपासून मीटरभर अंतरावर बसून तेवढ्याच मोठ्या आवाजात ऐका. जवळ बसल्याने आवाजाचं बटण आपोआप खाली येईल. तरीही टोचत असेल तर तो स्पीकरचाच स्वभाव. टोचणं गेलं तर दोष ॲम्पचा किंवा खोलीचा. मग जमिनीवर जाड सतरंजी आणि समोरच्या भिंतीला पडदा लावून पुन्हा सोफ्यावर बसा. कित्येकांचा प्रश्न इथेच मिटतो.

मोजमापातून आकडा हाती आला की बाजारातल्या वॉटकडे वळायचं, आणि इथे डोळे उघडे ठेवावे लागतात. नव्वदच्या दशकातल्या टेपरेकॉर्डरवर आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरवर हजार-दोन हजार पीएमपीओ छापलेले अनेकांना आठवत असतील. त्या आकड्याला कुठलीही ठरलेली व्याख्याच नव्हती. आज तो फारसा दिसत नाही, पण वॉट फुगवण्याच्या सभ्य पद्धती चालूच आहेत. प्रामाणिक आकडा असा लिहिलेला असतो: दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालू, ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, विकृती ०.१ टक्क्याच्या आत. अमेरिकेत १९७४ पासून स्टिरिओ ॲम्पचे वॉट कसे सांगायचे याचा सरकारी नियम आहे, तो याच फसवणुकीमुळे आला. फुगवलेला आकडा असतो: एकच चॅनेल चालू, ६ ओहम, फक्त १,००० हर्ट्झ, विकृती १० टक्के. १० टक्के विकृती म्हणजे आवाज फाटून झालेला. असा '१५० वॉट' लिहिलेला रिसीव्हर दोन्ही चॅनेल स्वच्छ चालवताना ८०-९० वर येतो आणि पाच-सात चॅनेल एकदम चालू झाले की आणखी घसरतो, कारण ट्रान्सफॉर्मर सगळ्यांचा मिळून एकच असतो. तुमच्या रिसीव्हरमध्ये 'इको मोड' असेल तर नवीन खरेदीआधी तो बंद करून बघा.

उलट्या बाजूचं उदाहरण एनएडी ३०२० या १९७८ सालच्या ॲम्पचं. कागदावर फक्त २० वॉट. पण क्षणिक माथ्याला तो त्याहून पुष्कळ जास्त देत असे आणि कमी ओहमच्या स्पीकरपुढे हात टेकत नसे. स्वस्त असूनही तो त्याच्याहून मोठ्या ॲम्पच्या पंक्तीला बसला, तो या राखीव ताकदीमुळे. आजही माहितीपत्रकात 'डायनॅमिक पॉवर' वेगळी दिलेली असेल तर ती जरूर वाचा.

वॉटइतकंच महत्त्वाचं म्हणजे ती ताकद ॲम्प कशी देतो. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, आणि प्रत्येक स्पीकर यांतलं वेगळं काहीतरी जास्त मागतो. ८ ओहमवर ५० वॉट देणारा ॲम्प म्हणजे २० व्होल्ट देणारा ॲम्प. तो जुन्या एलएस३/५ए ला जोडला, तर त्या स्पीकरचा रोध १५ ओहम असल्यामुळे २० व्होल्टमध्ये फक्त २७ वॉट जातील. ॲम्पला श्रम जवळजवळ नाहीत, पण आवाज मोठा व्हायला व्होल्ट कमी पडतील. तोच ॲम्प एलएस५० ला जोडा. नावाला ८ ओहमचा असला तरी त्याचा रोध काही सुरांवर ३.२ ओहमपर्यंत उतरतो. तिथे २० व्होल्ट टिकवायचे तर सव्वासहा अँपिअर द्यावे लागतात. स्वस्त रिसीव्हर या जागी माघार घेतो. त्याची सुरक्षायंत्रणा करंट रोखते किंवा पुरवठ्याचे व्होल्ट खचतात.

म्हणून स्पीकरच्या माहितीपत्रकात किमान रोध किती दिला आहे ते शोधा. तो ४ च्या खाली जात असेल तर ॲम्पच्या माहितीपत्रकात ४ ओहमचे वॉट बघा. ८ ओहमला ६० आणि ४ ओहमला १०० ते १२० असे आकडे असतील तर पुरवठा भक्कम आहे. ८ ओहमला १०० आणि ४ ओहमबद्दल चकार शब्द नाही, असं असेल तर मी तो ॲम्प घेणार नाही. पहिल्याचे वॉट कागदावर कमी असले तरी अशा स्पीकरवर तोच मोकळा वाजेल.

प्रकारांविषयी थोडक्यात. क्लास एबी हा परिचित प्रकार. मोठा ट्रान्सफॉर्मर, मागे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या, वजन सात-आठ किलो किंवा जास्त. दुरुस्त करणारे कारागीर अजून गावोगाव मिळतात, ही त्याची जमेची बाजू. क्लास ए किंवा एका व्हॉल्व्हचे आठ-दहा वॉटचे ॲम्प कितीही गोड असले तरी ८३ डेसिबलच्या स्पीकरला ते देऊ नयेत. मांडवातल्या भोंग्यांसाठी १०० व्होल्ट लाइनवर चालणारे ॲम्प घरगुती स्पीकरला जोडायचे नसतात, हेही सांगून ठेवतो. कारण ते स्वस्तात मिळतात आणि मोह होतो.

क्लास डी विषयी मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण आज कमी पैशात जास्त ताकद तिथेच मिळते. हे ॲम्प वीज फारशी वाया घालवत नाहीत, म्हणून तळहाताएवढ्या डबीतून भरपूर वॉट देऊ शकतात. फोसी, आयिमा अशा चिनी कंपन्यांचे छोटे ॲम्प बरेच लोक घेतात. त्यांतल्या अनेकांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३२५५ ही चिप असते. डबीवर ३०० वॉट लिहिलेले असतात. चिपच्या कागदपत्रातला तो आकडा ५० व्होल्टच्या आसपासचा पुरवठा, ४ ओहमचा स्पीकर आणि १० टक्के विकृती धरून आहे. तुमच्या हातात काय येणार हे सोबतच्या ॲडॉप्टरवर ठरतं. ८ ओहमच्या स्पीकरसाठी हिशोब सोपा आहे: ॲडॉप्टरच्या व्होल्टचा वर्ग करा आणि १६ ने भागा. २४ व्होल्टला ३६ वॉट, ३२ व्होल्टला ६४, ४८ व्होल्टला १४४. ही कमाल मर्यादा झाली, प्रत्यक्षात थोडे कमीच मिळतात. शिवाय ॲडॉप्टर ३२ व्होल्ट ५ अँपिअरचा असेल तर तो सलग १६० वॉटच देणार, दोन्ही चॅनेल मिळून. म्हणून कमी संवेदनशील स्पीकरसाठी असा ॲम्प घेताना ४८ व्होल्टचा, चांगल्या बनावटीचा ॲडॉप्टरच घ्या. ॲम्पवर वाचवलेले पैसे ॲडॉप्टरवर घालायला कचरू नका.

याच वर्गातली आणखी एक गोष्ट दुकानात कळत नाही. काही स्वस्त क्लास डी ॲम्पचा वरच्या पट्टीतला आवाज स्पीकरच्या रोधाप्रमाणे बदलतो, त्यामुळे एका स्पीकरवर तो झळाळून येतो आणि दुसऱ्यावर मंद वाटतो. आउटपुटच्या फिल्टरनंतर फीडबॅक घेणाऱ्या नव्या रचनांत हा दोष राहत नाही. हायपेक्सचे एनकोअर आणि प्युरिफाय या युरोपीय बनावटीच्या मोड्यूलवर आधारलेले ॲम्प महाग असतात, पण अवघड स्पीकरला ते क्लास एबीच्या मोठ्या ॲम्पइतकेच समर्थपणे हाताळतात.

वेगळा ॲम्प घ्यायचं ठरलं की तो जोडणार कुठे, हे आधी बघा. रिसीव्हर ठेवून फक्त पुढच्या दोन स्पीकरसाठी पॉवर ॲम्प लावायचा असेल तर रिसीव्हरच्या मागे 'प्री-आउट' हवेत. पुष्कळ स्वस्त रिसीव्हरना फक्त सबवूफरचाच प्री-आउट असतो, आणि ॲम्प घरी आल्यावर हे कळलं की मग सगळाच बेत फसतो. आज रिसीव्हर उलटा करून बघा. फ्रंट लेफ्ट आणि फ्रंट राइट असे दोन आरसीए सॉकेट असतील तर पुढे जा.

पॉवर ॲम्पऐवजी इंटिग्रेटेड ॲम्प घेणार असाल तर त्यात 'एचटी बायपास' किंवा 'मेन इन' आहे का ते विचारा. ही सोय असली की गाणी थेट इंटिग्रेटेड ॲम्पवरून ऐकता येतात, आणि सिनेमा लावला की त्याचं आवाजाचं बटण बाजूला पडून तो नुसता पॉवर ॲम्पसारखा चालतो. गाण्याला स्टिरिओ आणि सिनेमाला पाच चॅनेल, दोन्ही त्याच स्पीकरवर. ज्यांच्या घरी संध्याकाळी टीव्ही आणि पहाटे राग अशी वाटणी असते, त्यांना माझी शिफारस याच मांडणीची आहे. नवा ॲम्प लावल्यावर रिसीव्हरचं माइकवालं कॅलिब्रेशन पुन्हा करायला विसरू नका, कारण पुढच्या दोन चॅनेलची पातळी बदललेली असते. चालू करताना आधी रिसीव्हर, मग ॲम्प. बंद करताना आधी ॲम्प.

जोडल्यावर हमिंग आली तर ॲम्पला दोष देण्याआधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. बाहेरून येणाऱ्या त्या केबलचं अर्थिंग आणि घरातलं अर्थिंग वेगळं असल्याने अशी गुणगुण फार वेळा येते. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर, नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटवर घ्या. तारेच्या बाबतीत दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार घरातल्या चार-पाच मीटरला पुरेशी आहे, त्यापुढचा खर्च मी ॲम्पकडे वळवीन. ब्रिजिंग करून दोन चॅनेलचा एक करण्याचा सल्ला कोणी दिला तर कमी ओहमच्या स्पीकरसाठी तो मानू नका. ब्रिज केलेल्या ॲम्पच्या प्रत्येक बाजूला स्पीकरचा रोध निम्माच दिसतो.

आता मर्यादेचं बोलू. ॲम्प कितीही मोठा घेतला तरी पाच इंचांचा वूफर जेवढा पुढे-मागे हलू शकतो तेवढाच हलणार. बाया घुमतो किंवा सिनेमात स्फोट होतो तेव्हा त्याची हालचाल संपते, आणि व्हॉइस कॉइल तापली की जादा वॉट आवाजाऐवजी उष्णतेत जातात. मोजमापात तुमची गरज १५० वॉटच्या वर निघाली तर दुसरा मार्ग घ्या. सबवूफर घ्या आणि ८० हर्ट्झच्या खालचे सूर छोट्या स्पीकरकडे जाऊच देऊ नका. रिसीव्हरमध्ये स्पीकर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० वर ठेवला की हे होतं. वूफरची सर्वांत मोठी हालचाल थांबते, ॲम्पवरचा भार उतरतो, आणि आहे तोच ॲम्प एकदम मोकळा वाटायला लागतो. मध्यम ॲम्प आणि बरा सबवूफर ही जोडी एकट्या महागड्या ॲम्पला या बाबतीत मागे टाकते, असं माझं ठाम मत आहे.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडला करा, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत करा किंवा ऑनलाइन करा, दुकानदाराला एकच अट घाला: आठवडाभर घरी वाजवून बघू द्यावा. शोरूममधली खोली वेगळी, अंतर वेगळं. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ॲम्प मागवणार असाल तर त्याच्या मागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिलेत याचा फोटो आधी मागवा. फक्त १२० व्होल्ट लिहिलेला ॲम्प आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला तर तिथल्या तिथे जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावायचा तर तो ॲम्पच्या वीजवापराच्या किमान दीडपट क्षमतेचा हवा. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर त्यावर मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प चालवू नका, तो गुरगुरेल आणि तापेल. ॲम्प टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका. वर दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळी जागा लागतेच, आणि कोकणातल्या दमट हवेत तर महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा तो अधूनमधून वाजवलेला बरा.

जुना ॲम्प घेणाऱ्यांनी मल्टिमीटर खिशात ठेवूनच जावं. आवाजाचं बटण फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, ती साफ करून जाते. चालू केल्यावर दोन-चार सेकंदांनी आत रिले 'टक' वाजतो का ऐका. मग आवाज शून्यावर ठेवून, स्पीकर न जोडता, मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर घ्या आणि दोन्ही चॅनेलच्या टर्मिनलवर टेकवा. ५० च्या आत आकडा असेल तर ठीक. दहा मिनिटं ॲम्प तापू द्या आणि पुन्हा मोजा. १०० च्या वर जात असेल किंवा सारखा हलत असेल, तर कारागिराने तपासल्याशिवाय त्याला आपले स्पीकर जोडू नका.